डावखुरा रंधा

एका राज्यात, ज्याचं नाव घ्यायचीही मला इच्छा नाही, धृतसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या पदरी काष्ठसिद्ध नावाचा मांत्रिक सुतार होता. काष्ठसिद्धाच्या कर्मशाळेतून पालख्या निघत, मंचक निघत, हत्तींचे हौदे निघत, आणि राजा म्हणे, "वाहवा!" हे सारं घडवतं कोण, एवढं त्यानं कधी विचारलं नाही. विचारायला काय जीभ झिजणार होती?

त्याच राज्यात भिवरा नावाची सुताराची लेक होती. तिचा थोरला भाऊ म्हाळू सुतारकी शिकायला काष्ठसिद्धाकडे गेला, तो परत आलाच नाही. काष्ठसिद्धानं निरोप धाडला, "मुलगा शिकून तयार झाला, परमुलखी गेला." आईला न भेटता? आपला म्हाळू? भिवरेनं पदर खोचला आणि थेट कर्मशाळेचं दार गाठलं.

"मला शिष्य करून घ्या," ती म्हणाली.

मांत्रिकानं तिला नखशिखांत न्याहाळलं. "तीन कामं सांगेन. तिन्ही उतरली की तू मोकळी. नेम एकच. माझ्या शाळेत हत्याराला विसावा नाही. एकाचा हात थकला की दुसऱ्यानं उचलायचं. सण नाही, वार नाही."

"आणि शिकवणार कोण?"

"बघून शिक," असं म्हणून तो झोपाळ्यावर जाऊन बसला.

बघणार काय, कपाळ? गुरुराजांनी हाती हत्यार धरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. शिष्य बापडे माना खाली घालून राबत, एकमेकांकडे चोरून बघत, चुकत, पुन्हा करत. भिवराही तशीच शिकली. बोटं सोलली, तळव्यांना घट्टे पडले, पण लाकूड तिचं ऐकू लागलं.

तेव्हा पहिलं काम आलं. कुठंही ठेवला तरी डुगडुगणार नाही असा चौरंग करायचा. भिवरेनं केला. खडकावर ठेवला, हलला नाही. वाळूत ठेवला, हलला नाही. वाहत्या नदीवर ठेवला, तिथंही तो घरच्या जमिनीवर असल्यासारखा उभा राहिला.

काष्ठसिद्धानं झोपाळाही थांबवला नाही. "कच्चं."

"कुठे कच्चं, गुरुराज?"

"कच्चं म्हटलं ना!"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच चौरंगावर बसून राजा स्नान करू लागला. कच्च्या चौरंगावर! याला काय म्हणावं?

दुसरं काम आलं. आत गायलेलं गाणं बाहेर सांडणार नाही अशी पेटी करायची. या कामासाठी भिवरेच्या हाती एक जुना रंधा आला. उजव्या हातात तो अडखळे, लाकूड ओरबाडे. तिनं मूठ निरखून पाहिली, तर अंगठ्याचा खळगा डाव्या हाताचा होता. तिनं हात बदलला. रंधा सुरकन धावला, आणि धावता धावता गुणगुणू लागला. म्हाळू डावखुरा होता. रंधा मारताना तो हीच चाल गुणगुणायचा.

भिवरेनं रंधा उराशी धरला. खिडकीशी सुतारपक्षी बसला होता. तो म्हणाला, "ओळखलंस ना, पोरी? तोच तो. इथलं प्रत्येक हत्यार आधी शिष्य होतं. तिसरं काम म्हणून काष्ठसिद्ध शिष्याकडून त्याच्याच हाताच्या मापाची मूठ करवून घेतो. जो ती मूठ पात्यात बसवतो, तो हत्यार होतो."

"असं कसं करवतं याला?" भिवरा कडाडली. "शिकायला आलेली माणसं ही! यातून सुटका?"

"सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, एक सबंध दिवस विसावा. म्हणून तर तो देत नाही."

भिवरेनं डोळे पुसले आणि पेटी पुरी केली. आत गाणं गाऊन झाकण लावलं, एक सूरही बाहेर आला नाही. मांत्रिक म्हणाला, "कच्चं." तिनं विचारलं, "कुठे?" तो हसला फक्त. पेटी राणीच्या महाली गेली.

मग तो म्हणाला, "आता तिसरं. तुझ्या हाताच्या मापाची मूठ कर आणि उद्या या वाकसाच्या, लाकूड तासायच्या हत्याराच्या, पात्यात बसव. ते उतरलं की तिन्ही उतरली."

उद्या! उद्या हत्यारांच्या पूजेचा दिवस होता. त्या दिवशी साऱ्या राज्यात कोयता उचलत नाहीत, सुई उचलत नाहीत, राजाची तलवारसुद्धा पाटावर निजलेली असते. सुताराच्या घरचं रांगतं पोर हे जाणतं, आणि या गुरूनं मात्र आपल्या शाळेतून तो दिवसच पुसून टाकला होता.

भिवरेनं मूठ केली, पण बसवली नाही. उजाडायच्या आत तिनं सगळी हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शिष्य भेदरले. "अगं, जीव घेईल तो!"

"आणि आत्ता काय चाललंय?" भिवरा म्हणाली. "तुम्ही ज्या करवतीनं कापता ती कोणाची तरी लेक आहे. उद्या तुम्ही पटाशी व्हाल आणि नवीन पोरं तुमच्यावर हातोडा हाणतील. चालेल? चालणार असेल तर उचला!"

कोणी उचललं नाही. सगळे हत्यारांभोवती कडं करून उभे राहिले.

काष्ठसिद्ध आला तो जळफळतच. मंत्र पुटपुटला, पण पूजेतल्या हत्यारावर मंत्र चालेना. तेवढ्यात राजाची स्वारी आली. नवं सिंहासन न्यायला आली होती, आणि सिंहासनाचा एक पाय अजून बसायचा होता.

"महाराज, या पोरीला आज्ञा करा!" मांत्रिक ओरडला. "नाहीतर आज सिंहासन मिळायचं नाही."

राजानं कपाळाला आठी घातली. "मुली, काम का थांबवलंस?"

"महाराज, आपली तलवार आज कुठे आहे?"

"पाटावर. आज पूजा आहे."

"मग यांनी कोणतं पाप केलंय?" असं म्हणून तिनं राजाचा हात धरला, राजाचा हं, आणि रंध्यावर ठेवला. रंधा ऊन लागत होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा. तो गुणगुणत होता. "हा माझा भाऊ आहे. आपल्या पालख्या यानं घडवल्या, हौदे यानं घडवले. आपण कधी विचारलं का नाही?"

राजानं मान खाली घातली, मुकुट काढला आणि त्या कड्यात जाऊन उभा राहिला. "आज माझ्या राज्यात हत्यार चालणार नाही," तो म्हणाला. "सिंहासन राहू दे तीन पायांचं."

सूर्य कलला. काष्ठसिद्धाचा धीर सुटला. एक तरी हत्यार हाती हवं म्हणून त्यानं भिवरेची मूठ झडप घालून घेतली आणि वाकसाच्या पात्यात ठोकली. बसवणारा तोच, म्हणून तोच मिटला. जमिनीवर नुसता वाकस पडला.

सूर्य मावळला. करवतीची तरुणी झाली, पटाशीचा म्हातारा झाला. रंध्याचा म्हाळू झाला. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "भिवरे, आई आहे ना गं?"

"आहे, दादा. वाट बघतेय." आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला फुटलं.

शिष्यांनी वाकस उचलला. "आता याला राबवू, कधी खाली ठेवायचाच नाही!"

"राबेल," भिवरा डोळे पुसत म्हणाली. "पण पुढच्या पूजेला यालाही हळदकुंकू लागेल. नाहीतर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

राजानं कर्मशाळा भिवरेच्या हाती सोपवली. वर्ष सरलं, पूजा झाली, आणि सूर्यास्ताला वाकसाचा काष्ठसिद्ध झाला. मंत्र विसरलेला, मऊ तळव्यांचा. भिवरेनं त्याच्या हाती आधी झाडू दिला, मग रंधा. खूप दिवसांनी त्यानं एक पाट केला आणि भीत भीत तिच्यापुढे ठेवला. पाट डुगडुगत होता.

"कच्चं," भिवरा म्हणाली.

त्यानं खालमानेनं विचारलं, "कुठे कच्चं?"

भिवरा त्याच्याजवळ जमिनीवर बसली, त्याचं बोट धरलं, आणि पाटाच्या उंच राहिलेल्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. "इथे," ती म्हणाली.

त्या कर्मशाळेतली हत्यारं जशी विसावली, तशी तुमची-आमचीही विसावोत.