माडीवरची गडगड

"पण बुवा, डोक्यावर कुणी दगड लोळवत असेल, तर खाली बसून माणसानं नाम घ्यायचं कसं?"

काशीबुवा अंगणात चिंचेखाली बसून गवार मोडत होते. दुपार कलत होती. नदीवरून धुरकट ऊन येत होतं आणि अंगणातली कोंबडीसुद्धा उभ्या उभ्या पेंगत होती.

"कुठला दगड?" बुवांनी विचारलं.

"माडीवरचा. ती कोंडाक्का..."

"हं."

बुवांनी आणखी एक शेंग मोडली.

विचारणारा होता त्रिविक्रम. प्रवरेकाठच्या या लहानशा मठात तो चार पावसाळ्यांपूर्वी आला. पाठांतर दांडगं, आवाज खणखणीत आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. बुवांच्या मागं मठ याच्याकडंच जाणार, असं गावात बोललं जायचं. बुवांच्याही मनात तेच होतं. एवढा एकच शिष्य हाताशी लागला होता, आणि बुवांचं वय झालं होतं.

या वर्षी त्यानं अनुष्ठान धरलं. एकवेळ जेवायचं, मठाबाहेर जायचं नाही, दसऱ्यापर्यंत जमिनीला पाठ टेकायची नाही. झोप आलीच तर भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. असली व्रतं माणूस कुणासाठी करतो, देवासाठी की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, ते ज्याचं त्याला ठाऊक. बुवांनी कर म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही. एकांत हवा म्हणाला, म्हणून नदीकडची खोली दिली.

त्या खोलीवर माडी. माडीला जमीन फळ्यांची. आणि माडीवर मठाच्या आश्रयाला असलेली म्हातारी कोंडाक्का.

"आधी कर्र होतं," त्रिविक्रम सांगू लागला. "मग गड... गड... इकडून तिकडं. मग थांबतं. वाटतं, संपलं एकदाचं. जरा कुठं मन लागतं, की परत कर्र..."

"रोज?"

"रोज. सकाळी हळू असतं. दुपारी जोर चढतो. मधेच एखाद वेळी नुसतं कर्र होतं, गडगड होत नाही. मग मी तिची वाट बघत बसतो."

"चांगलं ऐकतोस की."

"ऐकतो कुठला बुवा, ऐकावं लागतं."

"आणि जप कुठवर आला?"

त्रिविक्रम कोंबडीकडं बघू लागला.

बुवांनी पाटीतली किडकी शेंग बाजूला टाकली.

"तिला कळवलंस का?"

"कळवलं म्हणजे काय, काठीनं ठोकतो की खालून. धाड धाड. कुणाही शहाण्या माणसाला कळावं. पण बाई अशी, की ठोकलं की जास्तच चेकाळते. ठोकलं की गडगड दुप्पट."

"मग तू काय करतोस?"

"आवाज चढवतो. मोठ्यानं म्हणतो. मग ती आणखी..." त्याचे डोळे लाल होते, खाली काळी वर्तुळं आली होती. "बुवा, मी स्पष्टच सांगतो. तिला गोठ्यामागच्या पडवीत हलवा. तिथं हवं ते लोळव म्हणावं."

"पडवीत पावसाचं पाणी शिरतं."

"मग मला जाऊ द्या. दुसरीकडं जागा बघतो. एक तर ती, नाही तर मी."

बुवांचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पोरगं हातचं जातं की काय, अशी भीती होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"तू म्हणशील तसं करू," ते म्हणाले. "पण मठाची रीत तुला माहीत आहे."

रीत साधी होती. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेली. मठात कुणाला कुणाची तक्रार करायची असेल, तर आधी त्याच्या दारी जायचं आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं. पाणी न पिता केलेली तक्रार बुवा ऐकायचे, पण निवाडा करायचे नाहीत. या रीतीमुळं निम्म्या तक्रारी जिन्यातच मरायच्या. कारण ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्यापुढं ओंजळ कोण धरणार?

"पाणी पितो," त्रिविक्रम म्हणाला. "आणि पडवीचं तिला तोंडावरच सांगून येतो."

"सांग."

"आत्ताच जातो."

"जा."

तो तरातरा गेला. बुवांनी पुन्हा गवार हातात घेतली, पण मोडली नाही.

माडीचा जिना बाहेरून होता. त्रिविक्रम या चार वर्षांत तो कधी चढलाच नव्हता. वर त्याचं काय काम? आणि कोंडाक्का कधी उतरत नव्हती. तिचे गुडघे गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाकरी, पाणी सगळं स्वयंपाकघरातून वर जायचं. दोघं एकाच छपराखाली राहत होते आणि एकमेकांना आवाजापुरते ठाऊक होते.

जिना चढताना त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. चांगलं कडक होतं. दार उघडंच होतं.

आत अर्धा उजेड. खिडकीतून नदीवरचं ऊन येऊन छतावर हलत होतं, त्यामुळं सगळी खोलीच पाण्यावर असल्यासारखी वाटत होती. मधोमध तुळईला पाळणा टांगलेला. मठातला गोकुळाष्टमीचा सागवानी पाळणा. उत्सव झाला की वाळवी लागू नये म्हणून वर टांगून ठेवायचे, आणि राखण कोंडाक्काकडं असायची.

पाळणा हलत होता. कर्र...

आत काही तरी जड, या कडेवरून त्या कडेला गेलं. गड... गड...

भिंतीशी बसलेली म्हातारी दोरी ओढत होती.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"पाणी," त्रिविक्रम म्हणाला. बाकीचं वाक्य घशातच राहिलं.

"देते की बाबा. पर ही दोरी धर जरा. सोडू नगंस. थांबला की उठंल."

"कोण उठेल?"

पण तिनं दोरी त्याच्या हातात देऊनही टाकली होती. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर, अशी ती सज्ज्यातल्या माठाकडं निघाली. चार पावलांचं अंतर, पण तिला ते गावाला जाण्याइतकं होतं.

त्रिविक्रम दोरी ओढत राहिला. काय करणार, हातात दिली होती.

पाळण्यात त्यानं डोकावून पाहिलं. वरवंटा होता. पाट्यावर चटणी वाटायचा, तो काळा वरवंटा. त्याला कुंची घातलेली, खाली मऊ धडपं अंथरलेलं. रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बारशाला नाही का, बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. म्हातारीनं तेच केलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "हा पाळणा तुम्ही कुणासाठी हलवता?"

सज्ज्यातून तिचा आवाज आला.

"खालच्यासाठी."

"कोण खालचा?"

"मला काय ठावं? कुणीतरी आजारी पोर आणून ठिवलंय खालच्या खोलीत. दिसभर कण्हतंय बघ. सारखं आपलं हूं हूं हूं... काय दुखतंय त्याला, काय न्हाई, कुणी बघाय जातं का न्हाई... माझ्यानं तर जिना उतरवत न्हाई."

त्रिविक्रमाच्या हातातली दोरी सैल पडली.

"थांबवू नगंस म्हटलं ना," ती तिकडून म्हणाली.

त्यानं दोरी ओढली. कर्र...

"मी म्हटलं, आपल्यानं दुसरं काय होणार," ती सांगत होती. "खाली आवाज गेला तर तेवढीच झोप लागंल लेकराला. म्हणून हलवते. हात दुखला की थांबते जरा. मग ते काठीनं ठोकतंय खालून."

"ठोकतंय..."

"व्हय. हलव म्हणतंय. लई शहाणं हाय. ठोकलं की मी जोरानं हलवते. मग ते आणखी मोठ्यानं कण्हतंय, मग मी आणखी हलवते. कवा कवा तर दोघं बी दमून जातो."

ती तांब्या घेऊन परत आली. दारातल्या उजेडात जरा थांबली, श्वास घेतला.

"माझी पोरं नुसती कण्हायचीच," ती म्हणाली. "ठोकून सांगण्याइतकी मोठी झालीच न्हाईत. एक पण न्हाई. हे सांगतंय तर बरं वाटतं."

त्रिविक्रमानं ओंजळ केली. तिला नीट दिसत नव्हतं, निम्मं पाणी ओंजळीत पडलं, निम्मं त्याच्या धोतरावर. तो प्यायला. पाणी गार होतं.

पडवीचं सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं...

"तू खालून आलास का रं?" तिनंच विचारलं. "त्याला बघितलंस का? कसं हाय?"

"आहे," तो म्हणाला.

"झोपतंय का?"

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर अशी काळजी पसरली, की त्याला बघवेना. त्यानं मान खाली घातली. पायाखाली दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. फटीतून त्याचीच खोली दिसत होती. चुरगळलेली घोंगडी, अर्धा भरलेला तांब्या, भिंतीला टेकवलेली काठी. कुणी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं असावं, अशी ती खोली दिसत होती. आसनावर कुणी नव्हतं. कसं असेल, तो तर वर उभा होता.

तरी कण्हणं ऐकू येत होतं.

तो कान देऊन ऐकत राहिला. छतावरचं ऊन हलत होतं, पाळणा हलत होता आणि खालून कुणीतरी हळूहळू, न थांबता, कण्हत होतं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. म्हातारी त्याच्या शेजारी बसून पेंगली होती. तिचा हात अजून हवेत दोरी ओढत होता.

पाणी प्यायल्यावर माघारी फिरायचं असतं, हेही तो विसरला. ऊन खिडकीतून उतरून गेलं, तेव्हा म्हातारी जागी झाली.

"जा बाबा तू आता," ती म्हणाली. "दमलास. आण ती दोरी इकडं."

त्यानं दोरी तिच्या हातात दिली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. एरवी कुणाला वाकून नमस्कार करायचा, तर आधी त्याचं पाठांतर किती ते बघणारा हा माणूस. म्हातारीनं चाचपडत त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अंग गरम लागतंय रं तुझं बी," ती म्हणाली.

अंगणात गवारीची पाटी तशीच पडली होती. बुवा चिंचेला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. त्रिविक्रम समोर येऊन उभा राहिला.

"पाणी प्यायलास?" बुवांनी डोळे न उघडताच विचारलं.

"प्यायलो."

"पडवीचं सांगितलंस?"

"नाही."

"मग आता कर तक्रार. पाणी झालंय. मी निवाडा करतो."

वरून आवाज आला. कर्र... मग गड... गड... चिंचेची बारीक पानं त्यांच्या दोघांच्या मधे पडत होती.

"बुवा," शेवटी तो म्हणाला, "माझा जप कण्हल्यासारखा ऐकू येतो?"

"मला काय ठाऊक? मी कुठं तुझ्या डोक्यावर राहतो?"

त्रिविक्रमाला हसू आलं. तो बुवांच्या समोर मांडी घालून बसला. पाटी जवळ ओढली. दोन शेंगा मोडल्या. तिसरी नुसतीच हातात धरून राहिला.

"मी कुठं जात नाही," तो म्हणाला.

बुवांनी डोळे उघडले. त्यांना किती बरं वाटलं ते त्यांच्या ओठांवर दिसलं.

वर पाळणा चालू होता.

"हात दुखतात हो तिचे," त्रिविक्रम म्हणाला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओढते. कुणासाठी, तर नसलेल्या आजाऱ्यासाठी. हे बरोबर नाही, बुवा. वर जाऊन तिला खरं काय ते सांगून टाकतो. म्हणजे ती तरी सुटेल."

"काय सांगशील?"

"हेच. की खाली कुणी आजारी नाही म्हणून."

काशीबुवांनी त्याच्याकडं पाहिलं. लाल डोळ्यांकडं, खोल गेलेल्या गालांकडं, शेंग धरलेल्या त्या थरथरत्या बोटांकडं.

"म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू नये, त्रिविक्रमा."