न्यग्रोधाला पाय फुटले

कृतयुगाचा प्रथम चरण चालू होता. पर्वतांची शिखरे अद्याप कोवळी होती, आणि वृक्षांना वाणीही होती, गतीही होती. ज्या ऋतूत जेथे जल सुलभ, तेथे अरण्येच्या अरण्ये चालत जात. त्या काळी सुव्रता नामक ब्रह्मवादिनी तीर्थाटन करीत असे आणि न्यग्रोध नावाचा विशाल वटवृक्ष छाया धरीत तिच्या मागून चाले. पतिपुत्रविहीन अशा त्या वृद्ध तपस्विनीला तोच एक आप्त होता. वाटेने ती त्याला ऋचा शिकवी. पर्णांच्या सळसळीत त्याचे उच्चार चुकत, आणि मग दोघेही हसत.

एकदा वेगवती नदीच्या तीरी एका ऋषिकुलाच्या आश्रमात ती दोघे उतरली असता महापूर आला. तीर ढासळू लागताच काठावरचे वृक्ष मुळे उचलून टेकडीकडे निघाले. आश्रमात मात्र ओल्या बाळंतिणी होत्या, अंध वृद्ध होते, दावणीला नवजात वत्से होती. त्यांना इतक्या त्वरेने हलविणे अशक्य होते. सुव्रतेने न्यग्रोधाला तीर धरून ठेवण्याची विनंती केली खरी, पण जड अंतःकरणाने. कारण पृथ्वीचा नियम तिला ज्ञात होता: जो वृक्ष खोल मूळ रोवील, त्याला भूमी पुन्हा कधीही सोडीत नसे.

न्यग्रोध ढासळत्या काठाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माते, पुढली तीर्थे तू एकटीने पाहा. परतलीस की त्यांचे वर्णन मात्र मला ऐकव."

त्याने आपली मुळे पार खडकापर्यंत रोवली. मदोन्मत्त गजांसारख्या लाटा त्याच्यावर आदळल्या, शाखा मोडल्या, साल सोलून निघाली. परंतु तीर ढळले नाही. पूर ओसरला तेव्हा आश्रमातले एक वासरूही दगावले नव्हते.

त्या त्यागाने प्रसन्न होऊन साक्षात भूदेवी प्रकट झाली आणि तिने वर देऊ केला. न्यग्रोधाने मागण्याचा अधिकार सुव्रतेला दिला. तिने त्याची गती परत मागितली. पण एकदा स्वीकारलेले मूळ सोडणे आपल्याही हाती नाही, असे भूदेवीने खेदाने सांगितले.

सुव्रता विचारात पडली. मग हात जोडून म्हणाली, "हे धरित्री, खालची मुळे तुझी झाली. वरच्या शाखा अद्याप त्याच्याच आहेत. त्यांना पाय फुटू देत."

भूदेवीला हसू आले. "तथास्तु. हा उभ्या जागी चालेल, आणि पावलागणिक याची छाया वाढेल."

तत्क्षणी शाखांतून कोवळ्या, तांबूस पारंब्या लोंबू लागल्या. सुव्रतेने दंड-कमंडलू तेथेच ठेवला. एकटीने तीर्थांना जाण्याचे तिने कधी मनावर घेतलेच नाही. टेकडीवरून परतलेल्या वृक्षांनी तिला त्या छायेत आश्रमातील मुलांना ऋचा शिकविताना पाहिले, आणि त्यांनाही तसेच कोणाचे तरी होऊन राहावेसे वाटले. त्यांनी मुळे रोवली. तेव्हापासून वृक्ष स्थावर झाले.

पाय मात्र एकट्या वटालाच लाभले. पुष्कळ वर्षांचा वड पाहावा: त्याचे मूळ खोड कोणते, हे सांगता येत नाही, इतका तो चालून पुढे आलेला असतो.