जांभळाची तहान

एका गावात एक भोळा गेनबा होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. पंचाईत तीच होती.

विहिरीकाठी एक जुनं जांभूळ होतं. गेनबाची दुपारची झोप त्याच्याच सावलीत व्हायची, त्यामुळे त्याचा जीव त्या झाडात. यंदा विहीर आटली आणि सरपंच म्हणाले, "पाणी हे झाडच पितंय. तोडा." झाड किती पितं ते मोजायला तालुक्याहून साबडे बाई आल्या. दिवसाला दहा हंड्यांच्या वर निघालं तर कुऱ्हाड, असं ठरलं. गेनबा बाईंच्या मदतीला लागला.

बाईंनी जांभळाची एक फांदी लाल पाण्यात उभी केली. "रंग वर चढेल. चढू दे. मध्ये हात घालू नकोस."

गेनबा घरी गेला. बायको तानूबाई म्हणाली, "जरा दुधाकडं बघा." गेनबाने बघितलं. दूध वर चढलं. त्याने चढू दिलं. सगळं दूध चुलीत गेलं.

"अवो, वर चढायला लागलं की चढवणाऱ्यालाच आधी काढायचं! खालचा जाळ ओढायचा!"

"आलं ध्यानात," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खोडात यंत्राच्या सुया बसवायला बाई शिडीवर चढल्या. वर त्यांनी फांदी धरली आणि खाली गेनबाने शिडी काढली. बाई लोंबकळल्या.

"शिडी का काढलीस?"

"चढवणारी तीच नव्हं का!"

बाई कशाबशा उतरल्या. "अरे बाबा, शिडीनं तुझं काय घोडं मारलंय? झाडात पाणी चढवतात ती पानं. पानांतून वाफ उडते, म्हणून मुळांकडचं पाणी खोडातून वर ओढलं जातं, मातीतल्या क्षारांसकट. पानं नसती तर झाड थेंबभरही प्यायलं नसतं."

गेनबाला भरून आलं. जांभूळ वाचवायचा उपाय इतका सोपा!

मोजणीच्या दिवशी सरपंच गाव घेऊन आले. बाईंनी यंत्र बघितलं. आकडा जवळजवळ शून्य. मग सगळ्यांनी वर बघितलं. झाडावर एक पान नव्हतं. खाली पानांची रास होती आणि राशीवर गेनबा, दमलेला पण खूश.

"बघा सरपंच, थेंब घेत न्हाई!"

बाईंनी कपाळावर हात मारला. सरपंचांना हसू आवरेना. "हे कसलं मोजणं? झाडावर पानं येऊ देत, मग मोजू. तोवर कुऱ्हाड नको."

गेनबाने लगेच सुतळी आणली. राशीतलं एकेक पान उचलून तो फांद्यांना बांधायला लागला.

महिन्याभराने जांभळाला लुसलुशीत पालवी फुटली. बाई धावत आल्या, तर गेनबा ती खुडून खाली टाकत होता.

"अरे, हे काय करतोस?"

"बाई, ही मधेच कुठनं आली? जुनी बांधायला जागा नको का?"