कुतिनबायचा चुना

बसा नीट. आणि तू रे, दात काढणं बंद कर. चुना लावला म्हटलं की तुम्हाला हसू येतं, कुणाला तरी फसवलं म्हणून. आमच्या बेटावर चुना लावणं म्हणजे काय ते आधी ऐका, मग हसा खुशाल.

फार जुनी गोष्ट आहे, बेटावरची तिन्ही चर्चं उभी होती तेव्हाची. एक कोटातलं, एक बाजारातलं आणि एक टोकावरचं, मायमारियेचं. हे सगळ्यांत मोठं. त्याची कमान एवढी उंच, की मायेची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं न वाकता आत जायची. दार गावाकडं आणि वेदीमागची भिंत थेट समुद्रावर. दरसाल सणाआधी चर्चला आतूनबाहेरून चुना लागायचा, आणि ती मागची भिंत पार लांबून पांढरी दिसायची. गलबतावरची माणसं तिच्यावरूनच बेट ओळखायची. कारण जवळच काळखडक होता, आणि त्यानं कितीतरी गलबतं फोडली होती.

हा चुना करायची कुतिनबाय. शिंपल्या वेचायची, भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची. तिचा नवरा इनास गलबतावर खलाशी होता. लांबच्या सफरीला निघाला तेव्हा त्याच्या फाटक्या शिडाला तिनं आपल्या लग्नाच्या लाल लुगड्याचं ठिगळ लावलं.

"मायेची भिंत दिसली की तिथूनच हाक मारीन," तो म्हणाला. "तू भात टाक."

"आधी ये तर खरा, मग भाताचं बघू," ती म्हणाली. हसली, पण तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्या साली मोठे पाद्री येणार होते. गावचा मुकादम मोतेस म्हणाला, "सगळा चुना दर्शनी बाजूला लावा, दोन हात जास्त. देवाच्या पाठीला कोण बघतंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पावसाळा आला, गेला, आणि मागची भिंत शेवाळानं काळीकुट्ट झाली.

आणि एका संध्याकाळी शीड दिसलं. लाल ठिगळाचं! अख्खं गाव किनाऱ्यावर धावलं. कुतिनबायनं भात टाकला आणि तशीच पळत आली. गलबत जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि वळलं. तिनं पाण्यात शिरून पदर हलवला, घसा फोडून हाका मारल्या. वारा उलटा होता. गलबत लांब लांब गेलं. त्याच रात्री वादळ झालं.

म्हातारा तांडेल खाली बसला आणि म्हणाला, "भिंत काळी दिसली गं त्यांना. काळखडक समजून फिरले."

सकाळी शिडी लावून कुतिनबाय एकटी त्या भिंतीवर चढली. शेवाळ खरवडलं, काथ्याच्या कुंचल्यानं चुना लावला, आणि समुद्राकडं तोंड करून ओरडली, "दिसतंय का रे घर?"

मग दरसाल हेच. पावसानं धुतलं की ती पुन्हा लावायची. असं म्हणतात, एका साली किनाऱ्यावर शिंपली मिळेना, तर लाटांनी रातोरात भिंतीच्या पायाशी शिंपल्यांचा ढीग आणून टाकला. असंही म्हणतात, की अमावास्येलाही ती भिंत उजळायची. एकदा तर तुफानात सापडलेली गावची सगळी गलबतं तिच्याकडं बघत घरी आली. मोतेसचा मुलगाही त्यांत होता. मोतेस तिच्या पाया पडायला वाकला, तशी ती मागं सरली.

"इनाससाठी लावला होता मी," ती म्हणाली. "तुम्हाला दिसला, बरं झालं."

म्हातारी होऊन ती गेली. असं म्हणतात, शेवटपर्यंत संध्याकाळी भात दोघांचा टाकायची.

आता कोटातलं चर्च उरलं नाही, बाजारातल्याचे नुसते खांब आहेत. मायेच्या चर्चचं छप्पर कधीच पडलं, वेदीवर पिंपळ उगवलाय, उंच कमान काळी पडलीय. पण मागची भिंत बघा जाऊन, पांढरीशुभ्र. परगावची माणसं विचारतात, पडक्या चर्चच्या पाठीला कसला चुना लावता? त्यांना काय सांगायचं, कप्पाळ! सणाआधी आम्ही सगळे तिथं जमतो. ज्याचं माणूस लांब आहे, त्यानं पहिला हात मारायचा आणि कुतिनबायसारखी समुद्राकडं हाक द्यायची.

माझा धाकटा जहाजावर गेलाय. बरेच दिवस झाले, काही कळलं नाही. यंदा पहिला हात माझा होता. गुडघे धरतात, तरी चढले शिडीवर. लावला चुना, आणि ओरडले सगळ्यांदेखत, "दिसतंय का रे घर?"

हं. आता हसा.