आवडाय आजीचा बिनमिठाचा लेप

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबा अजून दुपट्यात होते तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी मिठागरांचं एक गाव होतं. तिथलं ऊन दोनदा भाजायचं. एकदा वरून पडताना आणि एकदा पांढऱ्या मिठावरून उलटून तोंडावर येताना. दिवस मावळला की डासांची पाळी. ते डास इतके दांडगे, की चावण्याआधी माणसाचं पांघरूण ओढून घ्यायचे, असं म्हणतात. मी काही पाहिलं नाही, पण जुनी माणसं खोटं कशाला सांगतील?

त्या गावात आवडाय राहत असे. नातू झाला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पण पोराच्या अंगावर तीळभर जागा डासांनी सोडली नाही. शेवटी तिची सून भागा पोराला घेऊन माहेरी निघाली.

"आये, मी रागान जाणंय नाय," ती म्हणाली. "पण ह्यां पोर सुखान निजतलां, त्या दिसा माका बोलवा."

रिकामा पाळणा बघून आवडायने कंबर कसली. तिने कोकमाच्या बियांचं घट्ट तेल काढलं, करंजाच्या तेलात विरघळवलं, त्यात कडुनिंब, निरगुडी आणि हळद घालून मंद आचेवर कढवलं. पण त्या गावची एक रीत होती. चुलीवर चढेल त्या भांड्यात मीठ पडायलाच हवं, मग ते आंघोळीचं पाणी का असेना. आवडायने तर मायेपोटी मूठभर घातलं.

सकाळी लेकाने आणि त्याच्या सोबत्यांनी तो लेप उन्हाने सोललेल्या अंगाला चोळला, आणि जी बोंब ठोकली! सगळे धावत सुटले ते थेट खाडीत. खाडीचं पाणीही खारट. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

सगळं गाव पोट धरून हसलं, पण आवडायला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मिठाचं मडकं दाराबाहेर ठेवलं आणि लेप कढवायला घेतला. गावचे मानकरी, गावकर, काठी आपटत आले.

"आवडाय, मीठ नाय घातलंस तर आगराची लक्ष्मी रुसतली!"

"लक्ष्मी रुसली तर मी तिची समजूत घालीन," ती म्हणाली. "पण माझो नातू रडता, त्याची समजूत कोण घालतला?"

गावकरांनी काठी भिंतीला टेकवली. ते तिथेच बसले आणि चूल फुंकू लागले.

तो लेप लावून माणसं आगरात उतरली, आणि ऊन त्यांच्या अंगावरून निथळून गेलं. भर दुपारी सूर्यनारायण थोडा खाली आला आणि स्वतःच्या नाकाला लावायला बोटभर लेप मागून घेऊन गेला, असं म्हणतात. संध्याकाळी सगळ्या गावाने लेप लावला, तेव्हा डासांनी आपली पोरंबाळं गोळा केली आणि रडत रडत पैलतीर गाठला. पैलतीरचे लोक अजून त्या गावाला नावं ठेवतात.

मग भागाला निरोप गेला. ती पोराला कडेवर घेऊन तापल्या वाळूतून चालत वेशीवर पोचली. आवडाय लेपाची वाटी घेऊन आधीच उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता ही नातवावर झडप घालणार. पण आवडाय खाली बसली आणि तिने आधी सुनेचे भाजलेले पाय मांडीवर घेतले. सासूने सुनेच्या पायांना हात लावलेला गावाने कधी पाहिला नव्हता. भागाला रडू फुटलं. पोर मात्र तिच्या खांद्यावर कधीच झोपून गेलं होतं.

आजही त्या गावात लेकुरवाळी सून माहेराहून परतते, तेव्हा सासू वाटी घेऊन वेशीवर जाते. बाळ कितीही गोंडस असो, आधी सुनेच्या पायांना लेप लागतो. तोवर आजीने नातवाकडे बघायचंसुद्धा नाही.