सोवळ्याचा बांध

मुलांनो, जे पाणी पुरते गोडही नाही आणि पुरते खारटही नाही, ते नदीचे की समुद्राचे? उत्तराची घाई करू नका. एका मानकऱ्याने ती घाई केली होती. त्याचे काय झाले ते आधी ऐका.

डोंगरातून उतरलेली एक नदी एका गावाला वळसा घालून समुद्राला मिळत होती. मिळण्यापूर्वी ती रुंद व संथ होई. भरतीला समुद्र तिच्या पात्रात शिरे, ओहोटीला मागे फिरे. या भागाला गाव खाडी म्हणे. तिच्या काठच्या चिखलात कांदळाची झाडी होती. झाडांची उंच मुळे पाण्याबाहेर राहून श्वास घेत.

गावच्या देवळाचा मानकरी श्रद्धाळू होता. पालखीचा पहिला खांदा त्याचा. त्याच्या नित्यपूजेत कधी खंड पडला नव्हता. वैशाखातल्या उत्सवात देवाला नदीच्या पाण्याने स्नान घालीत. एका वर्षी त्याने घागर भरली, थेंबभर पाणी जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले. पाणी मचूळ होते.

"समुद्राने नदी बाटवली," तो म्हणाला. "देवाला हे चालायचे नाही."

पावसाळा सरताच त्याने खाडीच्या अरुंद जागी दगडमातीचा बांध घातला. भरती बाहेर अडली. देवाचे काम म्हणून सारा गाव राबला. कशासाठी, असे कोणी विचारले नाही.

येसू नावाची एक विधवा खाडीच्या चिखलातले शिंपले, म्हणजे तिसऱ्या, काढून दोन मुलींना वाढवत होती. संक्रांत झाली आणि ती रिकामी पाटी घेऊन मानकऱ्याच्या अंगणात उभी राहिली.

"दादा, तिसऱ्या मेल्या. चिखलात नुसती टरफलं उरलीत. भरतीला थोडी वाट द्या."

"तुझ्या पाटीसाठी देवाचं पाणी नासवू?"

"माझं पोट कोणी दिलं, दादा? देवानंच ना? मग माझ्या पाटीचा त्याला विटाळ कसा होईल?"

मानकऱ्याने आवाज चढवला. "सारा गाव चुकला आणि तू एकटी शहाणी?"

"शहाणी कसली? शहाणी असते तर तुमच्या बांधाला दगड वाहिले असते का?"

बांध त्याच्या शब्दाने उभा राहिला होता. त्याच्या शब्दाने फुटलाही असता. पण दिलेला शब्द मागे घेणे त्याला पाप वाटले. अहंकार मात्र पाप वाटला नाही.

होळीपूर्वीच येसू मुलींना घेऊन दुसऱ्या बंदरावर मोलमजुरीला निघून गेली.

बोय मासा आणि कोळंबी यांची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येत, कांदळाच्या मुळांत लपून वाढत आणि मोठी होऊन समुद्रात जात. ती वाटच बंद झाली. समुद्रावर गेलेल्या होड्या हलक्या परतू लागल्या. बांधाच्या आत मुळे पाण्यात बुडून गुदमरली, झाडी पिवळी पडली, बगळे निघून गेले. कोंडलेल्या पाण्यावर शेवाळ धरले.

उत्सवाचा दिवस उजाडला. म्हातारा गुरव घाट उतरला. त्याने घागर बुडवून वर काढली आणि तो जागीच थांबला. पाण्याला कुजका वास येत होता.

"मानकरी, हे देवाच्या अंगावर ओतू?"

मानकऱ्याने मान वर केली नाही. "कौल लावा. देव सांगेल तसं करू."

"त्याला कशाला त्रास देता? त्यानं नाक दिलंय. ते सांगतंय."

कोणीतरी हसले.

त्या दिवशी देवाचे स्नान राहिले. गावकऱ्यांनी कुदळी आणल्या आणि बांध फोडला. भरतीचे पाणी आत शिरले, तेव्हा गुरवाने त्याला हात जोडले. मग चार जण येसूला परत आणायला गेले.

"येते," ती म्हणाली. "पण या खेपेला दगड वाहायला सांगू नका."

पावसाळ्यानंतर पिल्ले परतली. होड्या पुन्हा भरून येऊ लागल्या. तिसऱ्यांना अधिक काळ लागला. पण त्याही आल्या, आणि येसूची पाटी जड झाली. आता उत्सवात देवाला मचूळ पाण्यानेच स्नान घालतात.

यातून घ्यायचे ते एवढेच: नदी आणि समुद्र यांची गाठ देवाने घातली आहे, आणि त्या गाठीवर असंख्य जिवांचे पोट आहे. पावित्र्याच्या नावाने जो ती तोडतो, तो देवाची नव्हे, स्वतःची पूजा करतो.

गावाने मानकऱ्याचा पालखीचा खांदा काढून घेतला आणि त्याला दंड केला: मेलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी त्याने स्वतःच्या हाताने कांदळाची शेंग रोवावी. तो ओहोटीमागून ओहोटी चिखलात उतरला. झाडी पुन्हा उभी राहिली, तेव्हा गावाने खांदा परत देऊ केला. पण वाकून वाकून त्याची पाठ आता सरळ होत नव्हती, आणि वाकल्या पाठीवर पालखी तोलत नाही. पहिला खांदा दुसऱ्या घराण्यात गेला. तो त्याच्या घरी परत आला नाही.