वाढलं, महाराज!

"आजपासून विद्यापीठात अशुभ शब्द उच्चारील तो विद्यार्थी दाराबाहेर!"

कुलगुरू वाचस्पतिशास्त्र्यांनी अशी दवंडी पिटवली आणि राजा धवलसेन खूश झाला. राजा हट्टी, शास्त्रीबुवा त्याहून शहाणे! दोघांनी मिळून तीनशे शब्दांवर बंदी घातली आणि त्या नियमांची पोथीच केली. ‘संपलं’ म्हणायचं नाही. ‘फुटलं’, ‘रिकामं’, ‘उपाशी’ म्हणायचं नाही. इतकंच काय, ‘नाही’सुद्धा म्हणायचं नाही! छप्पर गळायला लागलं तर ‘वरुणदेव आत आले’ म्हणायचं आणि डोक्यावर पोथी धरून पाठ चालू ठेवायचा. याला विद्या म्हणतात म्हणे!

आता, बांगडी फुटली की आपल्या बायका ‘वाढली’ म्हणतात. करंड्यातलं कुंकू संपलं की ‘वाढलं’ म्हणतात. आयाबायांचा मायेचा शब्द तो. शास्त्रीबुवांनी त्याचा कायदा करून टाकला! कोठारातले तांदूळ संपले तेव्हा त्यांनी राजाला पत्र धाडलं, ‘तांदूळ वाढले.’ पुढच्या आठवड्यात, ‘डाळही वाढली.’ राजा म्हणाला, "वा! मग आणखी धान्य कशाला पाठवायचं?" झालं! धान्याच्या गाड्या बंद!

शास्त्रीबुवांचं काय जातं? ते जेवायला आपल्या घरी. विद्यार्थी मात्र आधी कण्यांवर आले आणि मग पाण्यावर. मल्हारी नावाचा एक विद्यार्थी भर वर्गात बोलून गेला, "गुरुजी, मी कालपासून उपाशी आहे." त्याच दिवशी त्याला हाकलून दिलं.

अशात एके दिवशी भर दुपारी राजा विद्यापीठ बघायला आला. रांगेतून सगुणा पुढे झाली. सगुणा म्हणजे कासाराची लेक. तिच्या घराण्यात अक्षर ओळखणारी ती पहिलीच.

"महाराज, मला काही सांगायचं आहे."

"सांग की! पण नियम तो नियम. बंदीचा एकही शब्द न वापरता सांगायचं. जमलं तर मागशील ते देईन. चुकलीस तर आत्ताच्या आत्ता गाठोडं उचलायचं!"

शास्त्रीबुवा गालात हसले. "विचार कर हो, पोरी. बाप दारोदार बांगड्या भरत फिरतो. तुला इथे बसायला मिळतं हेच पुष्कळ झालं!"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग गिळून ती गोड आवाजात म्हणाली, "महाराज, उन्हातून आलात. बोलणं मागाहून. आधी पानावर बसा. आज आमच्या पंगतीला जेवा!"

शास्त्रीबुवांचा चेहरा खर्रकन उतरला. "महाराज, इथे कशाला? राजवाड्यावर..."

"का बरं?" राजाने विचारलं. "इथे सगळं वाढलंय, असं तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो... म्हणजे... वाढलंय खरं," शास्त्रीबुवा चाचरले. दुसरं काय बोलणार? बोलायला लागणारे सगळे शब्द त्यांनी स्वतःच बंद केले होते!

पाट मांडले. केळीची पानं मांडली. राजा हात धुऊन बसला, पोटात कावळे ओरडत होते. सगुणा पातेलं आणि पळी घेऊन आली. तिने पळी पातेल्यात घातली, पानावर उपडी केली आणि पुढे सरकली.

"भात वाढला, महाराज!"

राजा पानाकडे बघतच राहिला. सगुणा दुसरं पातेलं घेऊन आली.

"वरण वाढलं! भाजी वाढली! तूप तर गेल्या महिन्यातच वाढलं!"

"अगं, कुठे वाढलं?"

"सगळं वाढलं, महाराज. हवं तर शास्त्रीबुवांना विचारा."

"शास्त्रीबुवा, वाढलं?"

शास्त्रीबुवांनी उपरण्याने घाम पुसला. "वा... वाढलं, महाराज."

आता मात्र राजा खवळला. "डोळे फुटले का तुमचे? पान रिकामं आहे! भाताचं शीतसुद्धा नाही! मी काय उपाशी उठू?"

"चार झाले, महाराज!" सगुणा म्हणाली.

"चार काय?"

"बंदीचे शब्द! मल्हारीला एकाच शब्दावर घालवलं होतं. आपलं गाठोडं मी बांधून देऊ?"

राजाने मान वर केली, तेव्हा समोरच्या पोरांची खोल गेलेली पोटं त्याला पहिल्यांदा दिसली. तो हळूच म्हणाला, "म्हणजे कोठारातलं धान्यही... असंच वाढलं?"

"अगदी असंच, महाराज!"

"शास्त्रीबुवा! या मुलीने बंदीचा एक तरी शब्द वापरला?"

‘नाही’ हा शब्द शास्त्रीबुवांच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"मग जिंकली ही! माग, मुली!"

"धान्याच्या गाड्या आजच सोडा, महाराज. मल्हारीला परत बोलवा. आणि ही नियमांची पोथी एकदाची वाढवून टाका!"

ते ऐकताच शास्त्रीबुवांची कळी खुलली. "वा वा! मी कधीचा म्हणतोय, आणखी शंभर शब्द तरी हवेतच!" आणि ते दौत आणायला धावलेसुद्धा!

राजा पोट धरधरून हसला. हसता हसता पाटावरून खाली घसरला. "अहो शास्त्रीबुवा, दौत कशाला? ही बघा, अशी वाढवायची!" असं म्हणून त्याने ती पोथी टराटरा फाडली. सगुणाच्या बापाला त्याने राणीवशाचा कासार नेमलं आणि तिला बजावलं, "दर महिन्याला दरबारात यायचं आणि इथली खबर द्यायची. तुला हव्या त्या शब्दांत!"